नोंदवही कोण उघडणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे संकलन)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. कायदा, गुन्हेगारी आणि अमली पदार्थांचे सेवन या क्षेत्रात पीएच.डी. झालेल्या तरुणांना पुढील संशोधनासाठी द्यावयाच्या अधिछात्रवृत्त्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या फेलोशिपा, हा का समाजवादी कार्यकर्त्यांनी चर्चा करावी असा विषय? महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे प्रश्न दाराशी उभे असताना विद्वानांच्या वेतनाची चिंता आपण का वाहावी? आक्षेप प्रामाणिक आहे; म्हणून त्यालाच उत्तर देत मी माझे म्हणणे मांडणार आहे.

२०२३ च्या डिसेंबर महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला, तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री, पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार, अशा अर्थाचे बोलून गेले. गदारोळ झाला. आपणही निषेध केला आणि तो योग्यच होता. पण निषेध करणे वेगळे आणि उत्तर देणे वेगळे. कोणते दिवे लावणार, या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाही. आज एका क्षेत्रापुरते का होईना, ते देण्याचा माझा प्रयत्न आहे. हे क्षेत्र मी निवडले याचे कारण असे की, येथे अंधार असला तर माणूस तुरुंगात जातो, आणि जाणारा माणूस बहुधा गरीब असतो.

आरंभ थोडा मागून करतो. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला की, हिंदुस्थानात गांजा-भांगेच्या सेवनाने लोकांची शारीरिक आणि नैतिक हानी होत आहे काय. मद्यपानविरोधी चळवळीतील मंडळींचा आग्रह बंदीचा होता. सरकारने त्या वर्षी सात सदस्यांचा आयोग नेमला. त्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये आपला अहवाल सादर केला. माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदी न घालता कर आणि परवाने यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारावा असे मी म्हणत नाही. साम्राज्य सरकारला अबकारी उत्पन्नात रस होता, हेही विसरून चालणार नाही. माझे लक्ष वेधले ते आयोगाच्या कामातील एका भागाने. गांजाने माणसे वेडी होतात, ही तेव्हाची सर्वमान्य समजूत होती आणि तिला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांतील आकडेवारीचा. आयोगाने ती आकडेवारी मान्य न करता मूळ नोंदी मागविल्या. त्यातून आढळले ते असे : पोलीस रस्त्यावर भटकणाऱ्या एखाद्या वेड्या माणसाला पकडून आणीत. त्याच्या कागदांत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. रकाना रिकामा ठेवता येत नसे. हा माणूस गांजा ओढतो असे कोणी सांगितले की कारण म्हणून ‘गांजा’ लिहिले जाई. इस्पितळात तेच उतरवून घेतले जाई, आणि वर्षाच्या अखेरीस त्याची बेरीज होऊन शास्त्रीय सत्य म्हणून ती छापली जाई. आयोगाने १८९२ सालातील रुग्णांची प्रकरणे एकेक करून तपासली, तेव्हा गांजाच्या नावावर मांडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत तो आरोप टिकला नाही.

मित्रहो, रकाना भरणारा शिपाई दुष्ट नव्हता. त्याला रकाना भरायचा होता, एवढेच. पण त्या रकान्याच्या बेरजेवर कायदे होतात, आणि बेरीज करणारा मूळ नोंदवही उघडून पाहत नाही. कोणीतरी ती उघडावी लागते. कायदा आणि गुन्हेगारी यांच्या क्षेत्रातील संशोधन म्हणजे मुळात हेच काम. त्याला वेळ लागतो, प्रशिक्षण लागते, आणि ज्याची नोंदवही उघडायची त्याच्या मर्जीवर आपली भाकरी अवलंबून असून चालत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. अमली पदार्थांसंबंधीचा आजचा कायदा, ज्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात, तो १९८५ चा. ऑगस्ट महिन्यात विधेयक लोकसभेत आले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. इतक्या कठोर कायद्याला इतका थोडा वेळ! हेरॉइन आणि चरस यांच्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवण्यात आली. स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगलेल्या अल्प प्रमाणाला सौम्य शिक्षा होती; पण एवढा अपवाद सोडला, तर पुडी पोचविणारा पोऱ्या आणि पोती हलविणारा व्यापारी यांच्या शिक्षेत मालाच्या वजनाने फरक पडत नव्हता. १९८९ च्या दुरुस्तीने जामीन जवळपास अशक्य केला : आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याखेरीज जामीन नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच निर्दोषत्वाची खात्री कशी पटवावी? त्याच दुरुस्तीने काही पुनरावृत्त गुन्ह्यांना देहदंड अनिवार्य केला. ती अनिवार्यता घटनेशी विसंगत आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरविले, आणि २०१४ मध्ये संसदेने देहदंड ऐच्छिक केला.

अल्प, मधले आणि व्यापारी प्रमाण अशी शिक्षेची प्रतवारी करण्याची बुद्धी व्हायला २००१ साल उजाडावे लागले. ती दुरुस्ती त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला लागू झाली. म्हणजे मधली सोळा वर्षे गेली. या सोळा वर्षांत जे दहा-दहा वर्षे आत राहिले, त्यांची वर्षे कोणी परत दिली? कायदा होण्यापूर्वी, किंवा झाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत, तुरुंगात कोण पोहोचत आहे हे जर स्वतंत्र अभ्यासकांनी मोजून संसदेपुढे ठेवले असते, तर सोळा वर्षे थांबावे लागले असते काय?

प्रतवारी आली तरी प्रश्न संपलेला नाही. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम. गांजाचे अनुक्रमे १ किलो आणि २० किलो. आता रस्त्यावर मिळणारी गर्दची पुडी ही काही शुद्ध हेरॉइन नसते. तीत भेसळच फार. मग वजन शुद्ध द्रव्याचे धरायचे की भेसळीसकट? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला की, भेसळीसकट. कायद्याच्या दृष्टीने त्याला कारणे आहेत. परंतु याचा परिणाम कोणावर होतो? पुडी जितकी हातोहात फिरते तितकी भेसळ वाढते, आणि साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस सर्वांत गरीब असतो. त्याच्या पुडीत औषध किती आणि पीठ किती, याची शहराशहरांतून पद्धतशीर मोजणी व्हायला हवी. ती करायला रसायनशास्त्र जाणणारा, कायदा जाणणारा आणि वस्तीत विश्वासाने वावरू शकणारा अभ्यासक हवा. तो पोलीस खात्यात सापडणार नाही, आणि एका विषयाची पदवी घेऊन घरी गेलेल्या तरुणातूनही आपोआप निर्माण होणार नाही.

अशा अभ्यासाने काय साधते याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. दिल्लीच्या ‘विधी’ या कायदाविषयक संशोधन संस्थेतील तरुण अभ्यासकांनी २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतील मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले दहा हजारांहून अधिक खटले तपासले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून आपण मोठमोठ्या टोळ्यांच्या धरपकडीच्या बातम्या वाचतो. नोंदवहीत काय निघाले? जवळजवळ सर्व खटले स्वतःच्या सेवनाचे. त्यातले बहुतांश गांजाचे. आणि शिक्षा झालेल्यांत रोजंदारीवरचे मजूर आणि पदपथावर राहणारे लोक. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला होता. का कबूल केला असेल, हे कोर्टाची पायरी चढलेल्या आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागणार नाही. तारखांना येण्यात मजुरी बुडते, वकील परवडत नाही. कबुली दिली की दंड भरून दुपारपर्यंत मोकळे होता येते. कागदावर एक गुन्हा सिद्ध होतो, खात्याच्या यशाचा आकडा एकाने वाढतो, आणि त्या माणसाच्या नावापुढे जन्मभराची नोंद होते. देशभराच्या नोंदींतही चित्र फारसे वेगळे नाही : २०१८ मध्ये या कायद्याखाली ८१ हजारांहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले, त्यांतले सुमारे ५९ टक्के स्वतःच्या सेवनासाठी माल बाळगल्याबद्दलचे होते.

गंमत अशी की, याच कायद्यात ३९ वे कलम आहे, ज्याखाली व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडता येते. ६४-अ कलम आहे, ज्याखाली स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. ही कलमे आपल्या जिल्ह्यातील न्यायालयांत गेल्या पाच वर्षांत किती वेळा वापरली गेली? हे पाहण्यासाठी कोणाला तरी जिल्ह्याजिल्ह्यांत बसून निकालपत्रे वाचावी लागतील. आणि उपचाराची स्थिती काय? केंद्र सरकारने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. त्यापूर्वीची राष्ट्रीय पाहणी झाली होती २०००-०१ च्या सुमारास. म्हणजे दोन पाहण्यांच्या मध्ये एक पिढी जन्मून शाळा संपवीत आली.

येथे आपण विचाराल की, मग पीएच.डी.नंतरच अधिछात्रवृत्ती का? विद्यापीठे आहेत, प्राध्यापक आहेत, पीएच.डी. करणारे आहेत. याचे उत्तर दुहेरी आहे.

पहिले कारण विषयाचे. हा विषय कोणत्याही एका विद्याशाखेच्या कुंपणात बसत नाही. कायद्याच्या पदवीधराला व्यसन हा देहाचा कोणता व्यापार आहे ते शिकविलेले नसते. डॉक्टरला ३७ वे कलम ठाऊक नसते. समाजशास्त्रज्ञाला वस्ती कळते, पण पुराव्याचा कायदा कळत नाही. पीएच.डी.ने माणूस एका विषयात खोल उतरतो. दुसऱ्या विषयाची भाषा शिकायला त्याला आणखी दोन-तीन वर्षे लागतात. अमेरिकेत १९७४ साली अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या पैशावर न्यूयॉर्कसारख्या शहरांत समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र अशा शाखांतील पीएच.डी.धारकांना एकत्र आणून याच विषयाचे पुढील शिक्षण देण्याचे कार्यक्रम अनेक वर्षे चालले, ते याच हेतूने.

दुसरे कारण पोटाचे. आपल्या राज्यात पीएच.डी. झालेला गरीब घरचा मुलगा किंवा मुलगी पुढे काय करते, ते आपण जाणता. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविते. शिकविलेल्या तासांचे पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा, आणि सुटीच्या दिवसांत काहीच नाही. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी. पदे रिकामी आणि माणसे ताटकळत. अशा माणसाने जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखकक्षात सहा महिने बसून निकालपत्रे वाचावीत, अशी अपेक्षा करायची कोणी? ज्याच्या घरी पैसा आहे तोच हे करू शकेल. म्हणजे गरिबांच्या शिक्षांचा अभ्यास श्रीमंतांच्याच मुलांनी करावा, अशी व्यवस्था आपण मान्य करतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्या पालांवर पोलिसांची पहिली धाड पडते, त्या जमातींतून आलेला संशोधक जेव्हा पोलीस ठाण्याची नोंदवही वाचील, तेव्हा त्याला तीत जे दिसेल ते मला दिसणार नाही. त्याला ते वाचता यावे म्हणून दोन-तीन वर्षांचे वेतन देणे, यात चैन कसली?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने पीएच.डी.नंतरच्या ९०० अधिछात्रवृत्त्या जाहीर केल्या. विज्ञान, तंत्रशास्त्र, भाषा, सामाजिक शास्त्रे असे सगळे विषय आणि सगळा देश मिळून नऊशे! १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अशा वृत्त्या देते, त्याही सर्व सामाजिक शास्त्रांत वाटल्या जातात. या गर्दीत व्यसन आणि तुरुंग यांच्या वाट्याला काय येणार?

पण साथींनो, नुसता पैसा मागून भागणार नाही. पैसा कोणाचा आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न आपण समाजवाद्यांनी नाही विचारायचा तर कोणी? अमेरिकेचेच पाहा. आल्फ्रेड लिंडस्मिथ या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतील व्यसनी माणसांशी बोलून आपला सिद्धांत मांडला आणि व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून उपचाराचा अधिकारी आहे, असे आयुष्यभर सांगितले. त्या देशाच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्स्लिंगर यांना हे खपले नाही. त्यांच्या खात्याने लिंडस्मिथांची बदनामी करण्याचा प्रयत्न केला, विद्यापीठापर्यंत कुजबुज पोहोचविली. लिंडस्मिथ टिकले, कारण इंडियाना विद्यापीठात त्यांची नोकरी शाबूत राहिली. तासिका तत्त्वावरचा माणूस टिकला असता काय? ब्रिटनमध्ये २००९ साली सरकारच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक डेव्हिड नट यांनी एका व्याख्यानात वेगवेगळ्या पदार्थांच्या हानीची पुराव्यानिशी तुलना केली आणि ती सरकारच्या धोरणाशी जुळेना, तेव्हा गृहमंत्र्यांनी त्यांना दूर केले.

उलट उदाहरणही आहे. व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरल्याने १९७१ मध्ये हाहाकार उडाला होता. सरकारनेच ली रॉबिन्स या संशोधक बाईंकडे पाहणी सोपविली. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाच्या आहारी गेलेले सुमारे ५ टक्केच निघाले. एकदा व्यसन लागले की माणूस कायमचा गेला, या समजुतीला हा मोठा धक्का होता. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, हे त्यातून दिसले. तेव्हा सरकारी पैशातून सत्य निघतच नाही, असे नाही. ते निघावे यासाठी संशोधकाला मोकळीक हवी आणि त्याच्याशी बोलणाऱ्यांना अभय हवे.

हा अभयाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९७० च्या अमली पदार्थविषयक कायद्यातच अशी तरतूद झाली की, संशोधकाला माहिती देणाऱ्यांची नावे उघड करण्याची सक्ती न्यायालयालाही करता येऊ नये. आपल्याकडे एनडीपीएसच्या ६८ व्या कलमाखाली पोलीस अधिकाऱ्याला त्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. वकील आणि पक्षकार यांच्यातील संभाषणालाही कायद्याचे संरक्षण आहे. संशोधकाला मात्र असे कोणतेही कवच नाही. ज्या तरुणीने विश्वास संपादून पन्नास व्यसनी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, तिची वही उद्या कोणी जप्त केली तर? खबऱ्याचे नाव पवित्र आणि दुःख सांगणाऱ्याचे नाव उघडे, असा हा न्याय आहे.

आता थोडे आपल्याविषयी. सरकारने पुराव्याविना कायदा केला असे आपण म्हणतो. आपण तरी पुरावा पाहून बोलतो काय? १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील मुले गर्दच्या आणि टोळ्यांच्या विळख्यात गेली, हे वाक्य मी स्वतः कितीतरी सभांतून उच्चारले आहे. त्यात तथ्य असेलही. परंतु कोणत्या चाळींत, कोणत्या वर्षी, किती घरांत, आणि काम गेलेल्या घरांत अधिक की इतरत्रही तितकेच, हे मी कधी तपासले नाही. तेव्हाच जर दोन तरुण अभ्यासकांना तीन वर्षे परळ-लालबागेत बसविता आले असते, तर आज आपल्या हाती घोषणेऐवजी पुरावा असता आणि इतर शहरांत कारखाने बंद पडताना तो उपयोगी आला असता.

अनिल अवचटांनी त्या काळात वस्त्यांत हिंडून गर्दवर लिहिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व त्यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. ते काम पत्रकाराच्या आणि डॉक्टरच्या तळमळीतून झाले. विद्यापीठांनी ते पुढे न्यायला हवे होते.

दारूबंदीचेही तसेच. ती आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याची गोष्ट. आणि दारूविरुद्ध गावोगावच्या स्त्रियांनी दिलेला लढा हा माझ्याही आदराचा विषय आहे. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या मागणीवरून २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. उठविताना सरकारने निवृत्त अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालाचा आधार घेतला : अवैध दारू आणि गुन्हे वाढले. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला. येथेही तोच रकान्याचा प्रश्न आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचे गुन्हे वाढलेले दिसणारच, कारण जे पूर्वी गुन्हा नव्हते ते गुन्हा झाले. तेव्हा त्या आकड्याने बंदी फसली हे सिद्ध होत नाही. त्याचबरोबर, घरातले मारहाणीचे प्रमाण घटले की नाही, हे पोलिसांच्या आकड्यांवरून कळत नाही. सहा वर्षे हा जिल्हा म्हणजे एक मोठी प्रयोगशाळा होती. पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना बांधील नसलेले चार अभ्यासक तेथे असते, तर आपण त्यांचे निष्कर्ष मान्य केले असते काय? आपल्या विरुद्ध गेले तरी? या प्रश्नाचे उत्तर आपण ‘होय’ असे द्यायला शिकले पाहिजे. तरच संशोधनाच्या स्वातंत्र्याची मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

म्हणून माझ्या सूचना थोडक्यात मांडतो. त्यांवर आपण चर्चा करून ठराव करावा.

पहिली : कायदा, गुन्हेगारी आणि व्यसन या विषयांसाठी राज्यात पीएच.डी.नंतरच्या स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या असाव्यात. सहा महसुली विभागांत दरवर्षी प्रत्येकी निदान दोन, तीन वर्षांसाठी. वर्षाला बारा माणसे म्हणजे राज्याच्या तिजोरीला जड नाहीत. त्यांत स्त्रिया, दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांना पुरेसा वाटा असावा.

दुसरी : पैसा नाही, असे उत्तर मिळेल. एनडीपीएसच्या ७-अ कलमाखाली केंद्राचा एक राष्ट्रीय निधी आहे आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीची रक्कम त्यात जमा होते. त्यातला एक हिस्सा यासाठी मागावा. दारूवरील कराचा अल्पसा भाग राज्यानेही द्यावा.

तिसरी : निवड आणि विषय यांवर गृहखात्याचा अधिकार नसावा. अहवाल प्रसिद्ध करायला कोणाची संमती लागू नये. आणि तो मराठीतही प्रसिद्ध व्हावा, कारण ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या वस्तीत तो वाचला गेला पाहिजे.

चौथी : नावे वगळून न्यायालय, तुरुंग आणि पोलीस ठाणे यांच्या नोंदी संशोधकांना मिळाव्यात, आणि संशोधकाला दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याला कायद्याचे संरक्षण मिळावे.

पाचवी सूचना आपल्या स्वतःसाठी. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात सेवनाच्या गुन्ह्यासाठी किती जणांना दंड झाला, किती जणांना उपचारासाठी पाठविले, हे माहितीच्या अधिकाराखाली आपण विचारू शकतो. २००५ पासून हा अधिकार आपल्या हाती आहे. संशोधक येईपर्यंत निदान नोंदवहीच्या दारापर्यंत तरी आपण जाऊन पोहोचू.

हे काम सावकाशीचे आहे, भाकरीचा प्रश्न आधी, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु गांजाच्या चार पुड्यांसाठी दिवसाची मजुरी बुडवून, कबुली देऊन, दंड भरून घरी परतणाऱ्या माणसाच्या घरी त्या रात्री भाकरीचाच प्रश्न असतो. देशाच्या तुरुंगांतील चारपैकी तीन माणसे अद्याप शिक्षा न झालेली, खटल्याची वाट पाहणारी आहेत. त्यांच्या बायकामुलांपुढेही तोच प्रश्न आहे. त्यांच्या नावापुढचा रकाना कोणी, कधी, कशाच्या आधारे भरला हे वाचून सांगणारी माणसे तयार करणे आणि ती उपाशी राहणार नाहीत हे पाहणे, एवढेच मी मागतो आहे. कोणते दिवे लावणार, या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.